वेस्टर्नचा घोडा आणि न्वारचा पगारी हेर : एकाच गोष्टीत दोघं कसे नांदतात?

कोरडा_ओढा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज निवांत लिहायला बसलो आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. जुलै १८९२. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात जेम नावाचं खाणगाव आहे, खाणकामगारांचा संप पेटलेला आहे. गावातल्या एका दुकानात एक माणूस पायाखालच्या लाकडी फळ्या करवतीनं कापतोय. भोक पुरेसं मोठं झाल्यावर तो खाली उतरतो आणि रस्त्याकडेच्या फळ्यांच्या पदपथाखालून पोटावर सरपटत निघतो. वर, त्याच फळ्यांवर, त्याला शोधायला आलेली माणसं उभी आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना तो नावानिशी ओळखतो, कारण आत्ताआत्तापर्यंत तो त्यांच्याच युनियनचा चिटणीस होता. बैठकांचं इतिवृत्त तोच लिहायचा, आणि तोच मजकूर खाणमालकांकडे पोचवायचा.

हा माणूस म्हणजे चार्ली सिरिंगो. जन्म टेक्सासचा, १८५५ चा. पोरवयापासून गुरं हाकलेली, शेकडो मैल घोड्यावर काढलेले. १८८५ मध्ये त्यानं स्वतःच्या गुराखी आयुष्यावर पुस्तक लिहिलं. खऱ्या काउबॉयनं स्वतः लिहिलेल्या अगदी पहिल्या आठवणींमध्ये ते मोजलं जातं. पुढच्याच वर्षी तो शिकागोला पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला लागला आणि वीसेक वर्षं तिथंच राहिला. निवृत्तीनंतर, १९१२ मध्ये, त्यानं हेरगिरीच्या आठवणी छापायला घेतल्या तर संस्थेनं कोर्टकचेरी करून स्वतःचं नाव काढायला लावलं. म्हणून त्या पुस्तकात पिंकर्टनच्या जागी ‘डिकन्सन’ असं नाव दिसतं.

हे सगळं सांगायचं कारण असं. वेस्टर्न (अमेरिकेतल्या माळरानावरच्या गुराख्यांच्या, बंदूकवाल्यांच्या गोष्टी) आणि न्वार (काळोख्या, कडवट शहरी गुन्हेकथा) यांच्या मिश्रणाबद्दल आपण बोलतो तेव्हा दोन वेगळ्या भांड्यांतले पदार्थ एकत्र ओतल्यासारखं बोलतो. एकीकडे माळरान, घोडा, ऊन. दुसरीकडे शहर, पाऊस, सिगारेटचा धूर. मला मात्र वाचता वाचता असं वाटायला लागलंय की हे दोघं मुळात एकाच घरातले. खोगिरावर बसलेला माणूस आणि गल्लीच्या कोपऱ्यावर पाळत ठेवणारा माणूस, दोन्ही सिरिंगोच आहेत. मधल्या काळात बदललं ते एवढंच की त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायला लागला. आणि पगार आला की प्रश्न येतो, देणारा कोण?

माझ्या मते या मिश्र प्रकाराचा सगळा जीव त्या एका प्रश्नात आहे.

डॅशिएल हॅमेट हे याचं दुसरं उदाहरण. १९१५ मध्ये बॉल्टिमोरला तो पिंकर्टनमध्ये लागला, मधल्या सैन्यातल्या नोकरीचा आणि आजारपणाचा काळ सोडला तर १९२२ च्या सुमारापर्यंत तेच काम केलं, आणि मग ‘ब्लॅक मास्क’ मासिकात गोष्टी लिहायला लागला. त्या मासिकात गुन्हेकथांच्या शेजारी काउबॉयच्या कथाही छापल्या जायच्या. वाचक तोच, कागद तोच. १९२५ मध्ये हॅमेटची ‘कॉर्कस्क्रू’ नावाची दीर्घकथा आली. त्यात त्याचा तो बुटका, जाडगेला, निनावी शहरी हेर ॲरिझोनाच्या वाळवंटात डेप्युटी शेरीफ म्हणून जातो. तिथले गुराखी त्याला मुद्दाम उधळा घोडा देतात. तो पडतो, उठतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा प्रसंग निव्वळ मजेचा वाटला होता. दुसऱ्या वाचनात लक्ष गेलं ते त्याला बोलावणाऱ्याकडे. ती एक जमीन विकणारी कंपनी आहे. गावातली गुंडगिरी थांबल्याशिवाय तिच्या जमिनीचे तुकडे विकले जाणार नाहीत, म्हणून कायदा आणायचा. बिल्ला शेरीफचा, पैसा प्लॉट पाडणाऱ्याचा.

तुम्हाला काय वाटतं? असं मिश्रण कुठं जमलंय, कुठं फसलंय? आणि मराठीत कुणी हे लिहू पाहतंय का? मनापासून चर्चा व्हावी ही इच्छा.

(पुढं काही ठिकाणी रहस्यभेद होईल. ज्यांना हॅमेटची ‘रेड हार्वेस्ट’ कोरी वाचायची आहे त्यांनी जपून.)

रातकिडा | शनिवार, रात्री ११:०२

ओढासाहेब, सिरिंगोचा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला. पण मुद्दा पूर्ण पटला नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या लेखी फरक पगाराचा नाही, जाण्याचा आहे. वेस्टर्नचा नायक बाहेरून येतो, काम उरकतो आणि निघून जातो. त्याला जाता येतं हीच त्याची श्रीमंती. न्वारमधला माणूस तिथंच राहतो. त्याला घरभाडं भरायचंय, उद्या सकाळी तोच जिना उतरायचाय, ज्या पोलिसानं काल थोबाडीत मारली त्याच्याकडंच पुढच्या आठवड्यात माहिती मागायला जायचंय. तेव्हा दोन्ही प्रकार एकत्र केले की लेखकाला शेवटी ठरवावंच लागतं, याला जाऊ द्यायचं की ठेवायचं? शेवट ज्याचा, गोष्ट त्याची. बाकी टोपी, धूर, पावसाळी रस्ता ही सगळी वरची कल्हई.

मिश्रण म्हणून समोर येणाऱ्या बऱ्याच गोष्टींत हा निर्णयच घेतलेला नसतो. नायक अर्धा जातो, अर्धा राहतो, आणि वाचकाला काहीच मिळत नाही.

बोरीची_सावली | शनिवार, रात्री ११:२०

वाचतेय. रातकिडा यांच्या मुद्द्याला +१.

कोरडा_ओढा | रविवार, सकाळी ७:४०

रातकिडा, ‘जाणं’ हा शब्द फार नेमका सापडला तुम्हाला. रात्री झोपताना त्यावरच विचार करत होतो.

‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) याच कसोटीवर लावून बघू. गावाचं नाव पर्सनव्हिल, लोक त्याला पॉयझनव्हिल म्हणतात. खाणी, बँक, वर्तमानपत्रं, आमदार, सगळं एका म्हाताऱ्याच्या खिशात. १९२१ मध्ये कामगारांचा संप मोडायला त्यानं बाहेरून बंदूकवाले आणले. संप मोडला, पण बंदूकवाले गेलेच नाहीत. त्यांना गाव आवडलं. मग त्यांना हुसकायला आणखी एक बाहेरचा माणूस हवा, तो आपला हेर.

हा माणूस अगदी वेस्टर्नसारखा बाहेरून येतो आणि वेस्टर्नसारखाच शेवटी निघून जातो. तुमच्या हिशोबानं गोष्ट वेस्टर्नची झाली. पण तो जाताना मागं काय उरतं बघा. लष्कर येतं, रस्ते झाडून काढल्यासारखे मोकळे होतात, आणि गावाच्या किल्ल्या परत त्याच म्हाताऱ्याच्या हातात. जाणं आहे, पण त्या जाण्यानं कुणाचीच सुटका होत नाही. हेर स्वतः तर मधेच घाबरून कबूल करतो की या गावात माणसं मारायची चटक लागत चाललीय.

म्हणून मी तुमचं वाक्य थोडं वाढवून म्हणेन, वेस्टर्नचा शेवट ठेवायचा आणि त्यातला दिलासा काढून घ्यायचा. हॅमेटनं नेमकं तेच केलंय.

उजेडवाली | रविवार, सकाळी ९:३०

मी छायाचित्रणाच्या क्षेत्रातली, त्यामुळे पडद्यावरचं बोलते. पुस्तकांइतकंच हे मिश्रण १९४७-४८ मध्ये कॅमेऱ्यानं घडवलंय.

‘ब्लड ऑन द मून’ (१९४८, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज) मिळाला तर नक्की बघा, आणि आवाज बंद करून एकदा बघा. सुरुवातीलाच पाऊस आणि अंधारून आलेलं. एकटा घोडेस्वार, रॉबर्ट मिचम, ओलाचिंब. आता नेहमीच्या वेस्टर्नमध्ये आकाश अर्धा पडदा व्यापून असतं. तिथं माणूस छोटा असला तरी मोकळा वाटतो. इथं आकाशच काढून घेतलंय. घराच्या आत गेलो तर छत दिसतं. हे छत फार महत्त्वाचं आहे हो! स्टुडिओतल्या सेटला सहसा छत नसायचं, कारण दिवे वरून टांगायचे असतात. छत दाखवायचं म्हणजे दिवे खाली, बाजूला आणायचे, मग सावल्या भिंतीवर चढतात आणि खोली माणसाच्या डोक्यावर बसते. वाइजनं त्याआधी ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’चं संकलन केलं होतं, छताचं मोल त्यानं तिथंच ओळखलं असावं. कॅमेरामन निकोलस मुसुराका. त्यानंच आदल्या वर्षी मिचमलाच घेऊन ‘आउट ऑफ द पास्ट’ हा शहरी न्वार चित्रित केला होता. नट तोच, कॅमेरामन तोच, स्टुडिओही तोच. फक्त रेनकोटच्या जागी गुराख्याचा कोट.

आणि ओढासाहेबांच्या मुद्द्याला पुष्टी. यातल्या नायकाला जुना मित्र कामावर बोलावतो. काम काय, तर सरकारी कंत्राट गमावून अडचणीत आलेल्या एका पशुपालकाची गुरं कवडीमोलानं पदरात पाडून घ्यायची आणि पुन्हा सरकारलाच विकायची. सरकारी अधिकारी त्यात सामील. म्हणजे बंदूक हा त्या व्यवहारातला खर्चाचा एक रकाना.

त्याच काळातला ‘पर्स्यूड’ (१९४७) हाही मिचमचाच. तिथं जेम्स वाँग हाउ या कॅमेरामननं न्यू मेक्सिकोतले कडे इतके अंगावर आणलेत की उघड्यावर असूनही गुदमरायला होतं. मला वाटतं या प्रकाराची खरी करामत हीच. चारी दिशा उघड्या, आणि तरीही वाट नाही.

उत्तर_वायव्य | रविवार, दुपारी १:१५ (इथं शनिवारची मध्यरात्र उलटली आहे)

मी गेली काही वर्षं वॉशिंग्टन राज्यात स्पोकेनला राहतो. हॅमेट १९२० मध्ये इथल्याच पिंकर्टन कचेरीत होता. पर्सनव्हिल ज्यावरून बेतलं असं मानतात ते मोंटाना राज्यातलं ब्यूट इथून गाडीनं पाचशे किलोमीटरच्या आसपास. दोनदा जाऊन आलोय. जे पाहिलं ते लिहितो.

गाव डोंगरउतारावर आहे. घरांच्या मधूनच खाणींचे लोखंडी मनोरे उभे आहेत, ज्यांवरून पाळणा खाली सोडायचे ते. तिथले लोक त्यांना फाशीचे सांगाडे म्हणतात. रात्री त्यांवर लाल दिवे लावतात. एखाद्या गल्लीतून वर बघितलं की घराच्या कौलाच्या मागं लाल सांगाडा दिसतो. गावाच्या पूर्वेला तांब्याचा प्रचंड उघडा खड्डा, आता विषारी पाण्यानं भरलेला. पॉयझनव्हिल हे नाव हॅमेटनं तो खड्डा खोदला जाण्याच्या पंचवीसेक वर्षं आधी वापरलं होतं.

८ जून १९१७ ला इथल्या खाणीत आग लागून १६८ माणसं गेली. त्यानंतर संप झाला. फ्रँक लिटल नावाचा कामगारनेता संघटना बांधायला आला, पाय दुखावलेला, कुबड्यांवर. १ ऑगस्टच्या पहाटे तोंडं झाकलेले सहाजण त्याच्या खोलीवर आले, अंगावरच्या कपड्यांनिशी उचललं, गाडीला बांधून फरपटत नेलं आणि गावाबाहेर रेल्वेच्या पुलाला फाशी दिली. आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

आता या धाग्याशी संबंधित गोष्ट. त्याच्या अंगावर एक चिठ्ठी टाचलेली होती, इतरांना इशारा म्हणून. त्यावर आकडे होते, ३-७-७७. हे आकडे म्हणजे मोंटानातल्या जुन्या ‘व्हिजिलांटे’ मंडळींची म्हणून ओळखली जाणारी खूण. सोन्याच्या शोधात लोक आले त्या काळात, १८६० च्या दशकात, कायदा नव्हता म्हणून चोर-दरोडेखोरांना परस्पर फासावर देणारे हे लोक. अर्थ नक्की कुणाला सांगता येत नाही. एक समज असा की ती कबरीची मापं आहेत, तीन फूट रुंद, सात फूट लांब, सत्त्याहत्तर इंच खोल. आणि हेच आकडे आजही मोंटानाच्या महामार्ग पोलिसांच्या बाहीवरच्या चिन्हात आहेत. मला एकदा वेगमर्यादेसाठी थांबवलं होतं. अधिकारी अत्यंत सभ्य होते, पण खिडकीशी आलेल्या त्यांच्या दंडावर ते आकडे वाचले आणि काही क्षण मला बोलता येईना.

तेव्हा मिश्रण कुणा लेखकानं केलं म्हणायचं? वेस्टर्नची चिठ्ठी न्वारच्या प्रेतावर १९१७ मध्येच टाचलेली होती.

लिटलची कबर ब्यूटमध्येच आहे. दगडावर कोरलंय की भांडवलदारांच्या हितसंबंधांनी त्याला ठार केलं, कारण तो आपल्या सोबत्यांना संघटित करत होता.

रातकिडा | रविवार, दुपारी २:०५

वाचून सुन्न झालो. आधीचा माझा मुद्दा थोडा मागं घेतो. कल्हई म्हणालो होतो, पण हे आकडे कल्हई नाहीत.

बोरीची_सावली | रविवार, दुपारी ४:५०

मला एका गोष्टीची खंत वाटते ती इथं मांडते. दोन्ही प्रकारांत बाईला ठरलेली जागा आहे. वेस्टर्नमध्ये शाळामास्तरीण किंवा दारूच्या गुत्त्यातली, न्वारमध्ये घात करणारी सुंदरी. मिश्रण केलं की लेखक बऱ्याचदा दोन्हीकडचे साचे उचलतात.

म्हणूनच ‘रेड हार्वेस्ट’मधली डायना ब्रँड मला अजून विसरता येत नाही. गावातले सगळे पुरुष तिच्यापायी वेडे झालेत असं आधी ऐकायला मिळतं. मग ती प्रत्यक्ष दिसते ती टेबलावर शेअर बाजाराची कागदपत्रं पसरून बसलेली, मोज्याचा धागा ओढला गेलेला, ओठांना लाली वाकडीतिकडी. ती प्रत्येक माहितीचा भाव सांगते आणि घासाघीस करते. पुरुषांनी ज्याला मोह म्हटलं तो तिच्या लेखी रोखीचा धंदा आहे. ओढासाहेब म्हणतात तो ‘पैसे कोण देतं’ हा प्रश्न अख्ख्या पुस्तकात उघडपणे, आडपडदा न ठेवता विचारणारी ती एकटीच. आणि तिचा शेवट बर्फ फोडायच्या टोच्यानं होतो. त्यानंतरची पानं मला नेहमी रिकामी वाटतात.

माणदेशची_लेक | सोमवार, रात्री ९:१०

धागाकर्त्यांनी मराठीत कुणी लिहू पाहतंय का असं विचारलंय, म्हणून धीर करून लिहितेय. मी पाहतेय.

दीर्घकथा आहे. गाव सातारा-सांगलीच्या हद्दीवरचं, कल्पित. नायक निवृत्त भूकरमापक. आयुष्यभर साखळी आणि टेबल घेऊन लोकांची शेतं मोजली, आता गुडघे गेलेत. उन्हाळा, टँकर चालू. टँकरचा एक ड्रायव्हर विहिरीत सापडतो. नायक कुणाचा कुणी नाही, पण ड्रायव्हरची बायको त्याच्याकडं येते, कारण विहीर नेमकी कुणाच्या गटात येते यावर सगळं अडलंय.

आमच्या वाचनगटात पहिला खर्डा वाचला. सगळ्यांनी एकच सांगितलं, परदेशी सिनेमा बघतोय असं वाटतं. मला वाईट वाटलं, कारण मी तर माझ्याच गावचं लिहिलंय. चूक कुठं होतेय?

कोरडा_ओढा | सोमवार, रात्री १०:००

ताई, भूकरमापक! याहून चांगला हेर मला तरी सुचला नसता. खर्ड्यातला एखादा उतारा इथं टाकता येईल का?

माणदेशची_लेक | सोमवार, रात्री १०:२५

हा सुरुवातीचा:

“सूर्य मावळत होता. दूरवर धुळीच्या लोटात एक आकृती उभी होती. त्यानं डोळे बारीक केले आणि बिडी शिलगावली. या गावाला त्याचा तिरस्कार होता, आणि त्याला या गावाचा.”

रातकिडा | सोमवार, रात्री ११:१०

ताई, मनापासून सांगतो, राग मानू नका. यात गाव तुमचं आहे, पण नजर दुसऱ्याची आहे. माणदेशात धुळीच्या लोटातली आकृती कुणी ‘आकृती’ म्हणून बघत नाही. चालीवरून ओळखतात, अमक्याचा थोरला आलाय. आणि ‘तिरस्कार’ हा शब्द तुमच्या माणसाच्या तोंडी येईल का? ज्यानं चाळीस वर्षं दोन भावांच्या मधे उभं राहून बांध मोजलाय त्याच्याशी गाव कसं वागतं? चहाला बोलावतं आणि पाठीमागं म्हणतं, यानं आमची दोन गुंठे घालवली. ते लिहा.

जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या काढून बघा. अमेरिकेतल्या जंगलात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांच्या कहाण्या. त्यांनी शीर्षकं दिली ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. ओहायोच्या जमिनीला त्यांनी शिवार म्हटलं! तो शब्द आला की नांगर, बांध, राखण सगळं आपोआप येतं. तुम्ही तर मुळातच शिवारात उभ्या आहात.

कालव्याकाठी | मंगळवार, सकाळी ८:२०

पाण्याचा विषय निघाला म्हणून थोडं. मी पाटबंधारे खात्यात होतो, हा इतिहास माझ्या आवडीचा.

पाण्यावरच्या न्वारचं नाव घेतलं की ‘चायनाटाउन’ (१९७४) हा चित्रपट निघतोच. त्याच्यामागची खरी हकिगत अशी. लॉस एंजेलिस शहरानं ओवेन्स खोऱ्यातलं पाणी २३३ मैलांचा, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा काढून आणलं. १९१३ मध्ये पाणी पोचलं. त्याआधी खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले गेले, आणि विकणाऱ्या कित्येकांना घेणारं शहर आहे हे माहीतच नव्हतं. शेती सुकायला लागली. १९२४ मध्ये शेतकऱ्यांनी कालवा सुरुंगानं उडवला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अलाबामा गेट्स नावाच्या ठिकाणी दरवाजे ताब्यात घेऊन पाणी सोडून दिलं. चार दिवस बायकापोरांसह तिथंच मुक्काम, स्वयंपाक, गाणी. जवळच्याच डोंगरांत टॉम मिक्स या त्या काळच्या मोठ्या काउबॉय नटाचं चित्रीकरण चालू होतं. त्यानं शेतकऱ्यांसाठी आपला वाद्यवृंद पाठवला.

मला हे दृश्य फार अस्वस्थ करतं. पडद्यावरच्या वेस्टर्नचा नायक वाद्यं पाठवतोय, आणि शेतकरी ज्याच्याशी लढतायत तो शत्रू बंदूक घेऊन येणारच नाहीये. तो कचेरीत बसलाय, खरेदीखतं घेऊन. त्याच्याशी द्वंद्व खेळता येत नाही. तिथं कागद वाचू शकणारा माणूस लागतो, हेर लागतो.

ताई, तुमचा भूकरमापक कागद वाचू शकतो. त्याला सूर्यास्त बघायला लावू नका, नकाशा बघायला लावा.

उत्तर_वायव्य | मंगळवार, सकाळी ११:४५

‘विहीर कुणाच्या गटात’ या एका वाक्यात ताईंची सगळी कथा आहे असं मला वाटतं. मराठीत आपल्याकडं ‘हद्द’ हा केवढा मोठा शब्द आहे! शेताची हद्द, पोलिसांची हद्द, आणि ‘हद्द झाली’ मधली हद्द.

टोनी हिलरमन यांच्या, अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या पोलिसांवरच्या कादंबऱ्या (पहिली १९७० ची) या शब्दावरच उभ्या आहेत. नवाहोंचा प्रदेश तीन राज्यांत पसरलेला, साधारण सत्तर हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाव. त्यात खून झाला तर १८८५ च्या कायद्यानं तपास केंद्राकडं जातो. आणि १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, गुन्हा करणारा आदिवासी नसेल तर आदिवासी न्यायालयाला त्याच्यावर खटला भरता येत नाही (२०१३ पासून काही मोजक्या गुन्ह्यांचा अपवाद झालाय). म्हणजे ज्या पोलिसाला पाऊलवाट न पाऊलवाट माहीत आहे त्याच्या हातात अधिकार नाही, आणि ज्याच्याकडं अधिकार आहे तो तीन तासांवरच्या शहरात बसलाय. वेस्टर्नचं माळरान आणि न्वारची कोंडी एकाच ठिकाणी, आणि त्यासाठी एकही सावली वेगळी रंगवावी लागत नाही.

फाटकापलीकडे | मंगळवार, दुपारी ३:३०

हद्दीवरून आठवलं. आमचं घर रेल्वे फाटकाजवळ होतं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना रुळांपासून थोड्या अंतरावर एक माणूस मेलेला सापडला. सकाळी साडेसातला लोकांनी कळवलं. आधी गावातल्या ठाण्याचे दोन शिपाई आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हे लोहमार्ग पोलिसांचं. दहाच्या सुमाराला लोहमार्गचे आले, ते म्हणाले, रुळांपासून लांब आहे, तुमचं. मग एकानं टेप काढला. एक टोक रुळाला, दुसरं टोक त्या माणसाच्या पायाशी. टेप पुरेना, म्हणून मधे एक वीट ठेवून पुन्हा मोजलं. माझ्या आईनं घरातली जुनी चादर नेऊन त्याच्यावर घातली. दुपारी दोनपर्यंत तो तिथंच होता.

तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. ती वीट मात्र पुढं कित्येक वर्षं तिथं होती, आणि शाळेत जाताना मी तिला वळसा घालून जायचो.

माणदेशच्या लेकीनं लिहावं. जरूर लिहावं.

उजेडवाली | मंगळवार, दुपारी ४:००

फाटकापलीकडे, आईंना नमस्कार सांगा.

माणदेशची_लेक | रविवार, रात्री ८:४५

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आठवडाभर प्रत्येक प्रतिसाद दोन-तीनदा वाचला. सूर्यास्त काढला, तिरस्कार काढला. नवी सुरुवात टाकतेय:

“दगड जागेवर नव्हता. हात-दीड हात उत्तरेला सरकलेला. आण्णांनी वाकून बघितलं. गुडघ्यानं नको म्हटलं तरी बघितलं. हा दगड त्यांनी स्वतः बसवला होता, त्या वर्षी विहिरीच्या मालकानं त्यांना पुरणपोळी खायला घातली होती आणि शेजाऱ्यानं दोन वर्षं रामराम घातला नव्हता. आता दगडाच्या भोवतीचा मुरूम ओला होता. गावात फेब्रुवारीपासून पाऊस नव्हता.”

रातकिडा | रविवार, रात्री ९:०५

ताई! आता गाव दिसलं. ओला मुरूम, म्हणजे टँकर तिथं येऊन गेला होता.

कोरडा_ओढा | रविवार, रात्री ९:२०

आणि टँकर आला म्हणजे कुणीतरी डिझेल भरलं, कुणीतरी खेप लिहिली. बिल कुणाच्या नावानं निघालं, याचा माग काढला की कथा आपोआप पुढं सरकेल.

खेपवाला | रविवार, रात्री १०:३०

पहिल्यांदाच लिहितोय इथं, नेहमी नुसतं वाचतो. मी सात उन्हाळे टँकर चालवलाय, म्हणून दोन गोष्टी.

एक, प्रत्येक खेपेला आमच्याकडं नोंदवहीवर गावातल्यांची सही घ्यायची पद्धत होती. वेळ, किलोमीटर, सही. ज्या गावात पाणी पोचलंच नाही तिथलीही सही वहीत असू शकते, हे मी बघितलेलं आहे. तुमच्या ड्रायव्हरच्या बायकोकडं वही असेल तर कथेचा जीव तिथं आहे.

दोन, एप्रिलच्या उन्हात वरचा मुरूम तासाभरात पांढरा पडतो. आण्णा बऱ्याच वेळानं पोचले असतील तर त्यांना भोवतीची जमीन कोरडीच दिसेल. ओल राहील ती फक्त दगडाखाली.

माणदेशची_लेक | रविवार, रात्री ११:१५

दादा, बदललं. आता आण्णा दगड उचलतात.